क्षारपड रानात नेपियर: मातीच्या नमुन्यापासून दुसऱ्या कापणीपर्यंत

क्षारपड रानात ऊस येईना म्हणून बायोगॅससाठी नेपियर गवत लावायचं, ही कल्पना वाईट नाही. घोळ होतो तो क्रमात. आधी कांड्यांची गाडी येते, मग सरी पडते, मग पाणी सुटतं, आणि माती तपासायची आठवण होते ती निम्मी उगवण फसल्यावर. दर पावसाळ्यानंतर हेच प्रश्न येतात: कांडी फुटून का मेली, पानांची टोकं का करपली, जिप्सम टाकूनही रान का सुधारलं नाही. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, जे काम तिसरं करायचं ते पहिलं केलं.

हा लेख शिरोळ, वाळवा, मिरज, पलूस या भागातल्या रानांसाठी आहे, म्हणजे कालव्याच्या आणि उपसा सिंचनाच्या पाण्याने वर्षानुवर्षं भिजलेल्या काळ्या जमिनींसाठी. विदर्भातल्या खारपाणपट्ट्यात मुळात भूगर्भातलं पाणीच खारं, आणि कोकणातल्या खार जमिनीत समुद्राचं पाणी आत येतं. तिथे इथला क्रम जसाच्या तसा लावू नका.

## आधी एक गैरसमज काढून टाकू: गवत मीठ खात नाही

"नेपियर लावा, दोन-तीन वर्षांत ते क्षार ओढून घेतं आणि रान मोकळं होतं," असं कांड्या विकणारे बिनदिक्कत सांगतात. पाटी-पेन्सिल घेऊन बघू.

समजा जमिनीच्या संपृक्त अर्काची (माती जेमतेम भिजवून ओढून काढलेल्या पाण्याची) क्षारता, म्हणजे ईसी, ८ डेसिसायमन प्रति मीटर आहे. एका एकरात वरच्या एक फुटात साधारण १५-१६ लाख किलो माती असते. तिच्यात विरघळलेलं मीठ भरतं पाच टनांच्या जवळपास. आता त्यातून वर्षाला ४० टन हिरवं गवत कापलं असं धरा. पाण्याचा अंश वजा जाता ८ टन सुकं राहतं. त्यात सोडियम आणि क्लोराइड मिळून २ टक्के धरले तरी बाहेर गेलं १६० किलो. उलट १.५ ईसीच्या बोअरच्या पाण्याची तीन इंचांची एकच पाळी दिली, तर तेवढ्या पाण्याबरोबर एकरी तीनशे किलोच्या आसपास मीठ रानात येतं.

वर्षभर कापलेलं गवत एका पाळीची भरपाई करत नाही. मीठ बाहेर जातं ते पाण्याबरोबर, चरातून किंवा पाइपातून. गवत तेवढ्या काळात उत्पन्न देतं आणि जमीन झाकून बाष्पीभवन कमी करतं, बस्स. हे डोक्यात बसलं की पुढचा क्रम आपोआप पटतो.

## टप्पा १: रानाचा नकाशा आणि पाण्याची पातळी (एप्रिल-मे)

उन्हाळ्यात रान सुकलं की क्षार वर येऊन दिसतात. सकाळी चालत फिरा, कागदावर रानाची चौकट काढा आणि तीन गोष्टी टिपा.

पांढरं फूल कुठे फुटलंय. काळसर, तेलकट डाग कुठे आहेत, जिथे माती कोरडी असून ओली वाटते. आणि तण कोणतं आहे. जिथे फक्त हरळी उरली आहे तिथे क्षार जास्त, पण पाणी साचत नाही. जिथे लव्हाळा आणि पाणकणीस आहे तिथे मुळात पाण्याचा निचरा नाही.

मग सखल भागात सहा-सात फुटांचं भोक पाडून त्यात खालच्या अर्ध्या भागाला बारीक छिद्रं पाडलेला दीड-दोन इंची पीव्हीसी पाइप उभा करा. बाजूने वाळू भरा, वर टोपण घाला. आठवड्यातून एकदा दोरीला वजन बांधून पाणी किती खाली आहे ते मोजायचं. खर्च किरकोळ, पण सगळ्या निर्णयाची किल्ली इथे आहे.

तपासा: पाणी जमिनीपासून पाच फुटांच्या आतच लागत असेल, तर काळ्या मातीत ते केशाकर्षणाने पृष्ठभागापर्यंत चढत राहणार आणि मागे मीठ सोडणार. अशा रानात टप्पा ४ झाल्याशिवाय एकही कांडी लावू नका.

## टप्पा २: नमुना

खत व्यवस्थापनासाठी आपण सगळ्या रानातून माती गोळा करून एकत्र करतो. इथे तसं केलं की अहवाल निरुपयोगी होतो. पांढऱ्या पट्ट्याची ईसी १५ आणि चांगल्या भागाची २ असेल तर मिसळलेल्या नमुन्यात ८-९ दिसेल, आणि ती रानात कुठेच खरी नसते.

पांढरा पट्टा, त्याची कड आणि चांगला भाग, असे तीन वेगळे नमुने घ्या. प्रत्येक ठिकाणी गिरमिटाने ० ते १, १ ते २ आणि २ ते ३ फूट, अशा तीन खोलींची माती वेगळ्या पिशवीत. एकूण नऊ पिशव्या. जिथून माती काढली तिथे बांधावरून अंतर मोजून नकाशावर खूण करा, कारण पुढच्या वर्षी तिथेच परत यायचं आहे. सोबत विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची एक बाटली द्या. ती नेमकी विसरली जाते.

प्रयोगशाळेत सांगून ठेवा: पीएच, ईसी, विनिमययोग्य सोडियमची (मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची) टक्केवारी, मुक्त चुना आणि जिप्समची गरज, एवढं हवंय. शक्य असेल तर ईसी संपृक्त अर्काची मागा. सांगलीजवळ कसबे डिग्रजला राहुरी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. या भागातल्या क्षारपड जमिनींवर तिथे काम चालतं, तिथला सल्ला घ्यायला हरकत नाही.

## टप्पा ३: अहवाल वाचणे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

नेहमीच्या अहवालातली ईसी बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी ढवळून मोजलेली असते. पुस्तकातले पिकांच्या सहनशीलतेचे आकडे मात्र संपृक्त अर्काचे असतात. म्हणजे मातीत जेमतेम भिजण्यापुरतं पाणी घालून, ते ओढून काढून मोजलेले. पाणी जास्त घातलं की मीठ पातळ होतं, आकडा लहान दिसतो. काळ्या जमिनीत अंदाजापुरता साडेतीनने गुणायचं. अहवालात १.८ दिसलं तर "चारच्या आत आहे, चालेल" असं म्हणू नका. ते प्रत्यक्षात सहाच्या पुढे आहे.

मग जमिनीची जात ठरवा:

- क्षारयुक्त: अर्काची ईसी ४ च्या वर, पीएच ८.५ च्या आत, सोडियम १५ टक्क्यांच्या आत.
- चोपण: ईसी ४ च्या आत, पण पीएच ८.५ च्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर.
- क्षारयुक्त-चोपण: ईसी आणि सोडियम दोन्ही वर. आपल्याकडे हे बरंच आढळतं आणि फसवतंही तेच.

घरच्या घरी पडताळा घ्यायचा असेल तर काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा बॅटरीचं पाणी घ्या आणि हरभऱ्याएवढं सुकं ढेकूळ हळूच सोडा. ढवळू नका. दोन तासांनी पाणी नितळ असेल आणि ढेकूळ नुसतं बसलं असेल तर सोडियमचा त्रास कमी. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला तर जमीन चोपण आहे. बोअरच्या पाण्यात हा प्रयोग करू नका, त्यातल्या क्षारांमुळे ढग उठत नाही आणि जमीन चांगली वाटते.

## टप्पा ४: पाण्याला वाट

खोल चर किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप, यातलं एक हवंच. पाइप साधारण साडेतीन-चार फूट खोल टाकतात आणि गाळ जाऊ नये म्हणून त्यावर गाळणीचं कापड गुंडाळलेलं असतं. शिरोळ भागात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने अशी पाइपांची कामं मोठ्या क्षेत्रावर झाली आहेत. ती प्रत्यक्ष बघून या, कागदावरचं रेखाटन आणि चालू असलेला निचरा यात बराच फरक असतो.

एकट्याने पाइप टाकून भागत नाही. पाणी शेवटी ओढ्याला मिळायला हवं, आणि मध्ये चार जणांची रानं असतात. मुख्य पाइपाचा मार्ग आणि तोंडाची पातळी आधी ठरवा, लिहून घ्या, मगच यंत्र बोलवा. पावसाळ्यात ओढा फुगला की तोंड पाण्याखाली जात असेल, तर नेमकं जेव्हा धुऊन जायला हवं तेव्हा निचरा बंद पडतो.

तपासा: एक चांगला पाऊस झाल्यावर पाइपाच्या तोंडाशी येणारं पाणी खिशातल्या ईसी मीटरने मोजा. ते रानात येणाऱ्या पाण्यापेक्षा बरंच खारं असेल तर काम होतंय.

## टप्पा ५: धुणं आणि जिप्सम, पण योग्य क्रमाने

जमीन नुसती क्षारयुक्त असेल तर जिप्समची गरज नाही. वाफे बांधा, पाणी उभं करा, झिरपू द्या. एक फूट मातीतून एक फूट पाणी खाली गेलं की तिच्यातले ढोबळमानाने तीन-चतुर्थांश क्षार जातात. सांगली भागात हे काम पावसावरच टाकलेलं बरं, बांध नीट असतील तर जून-जुलैचा पाऊस फुकटचं गोडं पाणी आहे.

जमीन चोपण किंवा क्षारयुक्त-चोपण असेल तर आधी जिप्सम, मग धुणं. उलट केलं तर विरघळणारे क्षार निघून जातात, सोडियम मागे उरतो, मातीचे कण सुटे होतात आणि वरचा थर सिमेंटसारखा बंद होतो. मग पाणी चार-चार दिवस उभं राहतं, खाली मात्र जात नाही. लोक म्हणतात, "पाइप टाकले तरी उपयोग झाला नाही." पाइपाचा दोष नसतो.

जिप्सम किती, ते अहवालातल्या जिप्समच्या गरजेवरून ठरवा. शेजाऱ्याने किती पोती टाकली त्यावरून नको. पसरून वरच्या चार-सहा इंचांतच मिसळा, खोल नांगरून गाडू नका. मुक्त चुना भरपूर असेल तर गंधकही चालतं: १०० किलो जिप्समचं काम साधारण १९ किलो गंधक करतं, पण जमिनीतल्या जीवाणूंनी त्याचं आम्ल करायला वेळ लागतो, म्हणून लागणीच्या निदान दोन महिने आधी.

सोबत धैंचा पेरा आणि ४५-५० दिवसांनी फुलावर येताना गाडा. क्षार आणि पाणी दोन्ही सोसणारं हिरवळीचं पीक म्हणून त्याला तोड नाही. शिवाय ते फुकटचं परीक्षक आहे, धैंचाच जिथे उगवला नाही तिथे नेपियर लावायचं मनातून काढून टाका.

## टप्पा ६: कोणतं गवत, किती अपेक्षा

क्षारांना पीक कसं उत्तर देतं याचा एक सोपा नियम आहे. एका मर्यादेपर्यंत उत्पादन घटत नाही, ती ओलांडली की दर डेसिसायमनला ठरावीक टक्के घट. उसाची मर्यादा १.७ आणि घट ५.९ टक्के. ८ ईसीला ऊस ६३ टक्क्यांवर येतो. सुदान गवताची मर्यादा २.८, घट ४.३, म्हणजे ८ ला ७८ टक्के. आणि आपण जिला शिव्या देतो ती हरळी: मर्यादा ६.९, घट ६.४, म्हणजे ८ ला ९३ टक्के. हे आकडे निचरा असलेल्या आणि जम बसलेल्या पिकाचे आहेत, उगवणीचे नव्हेत.

नेपियर या यादीत वरच्या रांगेत बसत नाही. हरळी आणि कर्नाल गवत पानांवरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतात, सकाळी पानावर बोट फिरवलं तर खडबडीत कण लागतात. नेपियरला ती सोय नाही. ते मुळाशीच सोडियम अडवतं, आणि अडवणं जमेनासं झालं की जुन्या पानांत साठवून ती पानं बळी देतं. माझा हिशेब असा: ४ पर्यंत बिनधास्त, ४ ते ८ मध्ये घट धरून, ८ च्या वर लावायचं नाही. चोपण आणि पीएच बराच वर असेल तिथे कर्नाल गवत, सतत पाणी राहणाऱ्या पट्ट्यात पॅरा गवत. दोन्हींचं वजन नेपियरपेक्षा कमी भरतं, पण मेलेल्या नेपियरपेक्षा जास्त.

वाणाच्या बाबतीत राहुरीचे फुले यशवंत, फुले जयवंत किंवा कोईमतूरचे को-४, को-५ यांपैकी जे जवळच्या खात्रीच्या मळ्यात उभं दिसतं ते घ्या. "क्षार सहन करणारं सुपर नेपियर" म्हणून एका डोळ्याला काही रुपये मागणाऱ्याला विचारा, किती ईसीला? आकडा आला नाही तर फोन ठेवा.

## टप्पा ७: एकवीस दिवसांची चाचणी

लागणीच्या महिनाभर आधी तिन्ही भागांची वरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. प्रत्येक भागासाठी दहा पिशव्या, प्रत्येकीत एक डोळा, पाणी रानात जे देणार तेच. एकविसाव्या दिवशी मोजा.

दहापैकी आठ किंवा जास्त फुटून हिरवे असतील तर त्या भागात थेट कांडी लावा. पाच ते सात असतील तर रोप करून लावा. पाचच्या आत असतील तर तो भाग या वर्षी धैंच्याला सोडा. फुटलेल्या कांड्याही उपटून बघा: वर कोंब आहे आणि खाली मुळं आखूड, तपकिरी, तर ते कांडीतल्या साठ्यावर जगलेलं आहे, महिन्याभरात जाणार. ते मेलेल्यांत धरा.

## टप्पा ८: लागण

वेळ: जुलैअखेर ते ऑगस्ट. वरचे क्षार पावसाने खाली गेलेले असतात. फेब्रुवारी-मार्चची लागण टाळा, त्या उन्हात मीठ नेमकं कोंबाशी चढतं.

रोप करणं मला जास्त पटतं. उसाची रोपं करणाऱ्या नर्सऱ्या आता गावोगाव आहेत, त्याच ट्रेमध्ये कोकोपीटवर गोड्या पाण्यात तीस दिवस वाढवायचं. नाजूक काळ क्षारांबाहेर जातो. बेण्यासाठी तीनेक महिन्यांच्या, चांगल्या जमिनीतल्या ताटांचा मधला आणि खालचा भाग घ्या, शेंडा नको. अंतर ९० × ६० सेंटीमीटर, एकरी साडेसात हजारांच्या आसपास.

आता जागा. मी पहिल्यांदा वीस गुंठ्यांत वरंब्याच्या माथ्यावर रोपं लावली होती, पाणी साचू नये म्हणून. बाराव्या दिवशी माथा पिठी भुरभुरल्यासारखा पांढरा झाला. रोपाच्या बुंध्याशी नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला, जिभेला लावला तर खारट. सरीत दिलेलं पाणी दोन्ही बाजूंनी वरंब्यात चढतं आणि मीठ माथ्यावर आणून ठेवतं, तिथेच मी रोप रोवलं होतं. रोप वरंब्याच्या बगलेत, पाण्याच्या रेषेच्या जरा वर लावायचं. ठिबक असेल तर रोप ड्रिपरजवळ, कारण मीठ ओल्या वर्तुळाच्या कडेला जमतं.

सावध: ठिबकवर असताना भुरभुर पाऊस आला की लोक मोटार बंद करतात. हलका पाऊस कडेचं मीठ धुऊन थेट मुळांत आणतो. जोराचा पाऊस होईपर्यंत ठिबक थोडा वेळ चालू ठेवा.

खतांत म्युरेट ऑफ पोटॅश नको, त्यात क्लोराइड असतं. सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. पोटॅशला हात आखडू नका, सोडियमशी झगडायला गवताला तेच लागतं. युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने.

## टप्पा ९: पहिले साठ दिवस, पानं काय सांगतात

क्षारांचा मार दोन हप्त्यांत येतो. पहिल्या काही दिवसांत मुळांना पाणी ओढता येत नाही: माती ओली, तरी दुपारी पानं गुंडाळलेली, नवीन पान आखूड, रंग निळसर हिरवा. दोन-चार आठवड्यांनी दुसरा मार, जुन्या पानांची टोकं आणि कडा करपतात.

इथे गडबड होते ती निदानात. नत्र कमी पडलं तर जुनं पान टोकाकडून मधल्या शिरेच्या बाजूने पिवळं पडतं. मुळाशी पाणी साचलं तर अख्खं ठोंब फिकट होतं आणि मुळांना कुजका वास येतो. करपलेली टोकं बघून वर युरिया मारला तर मिठात मीठ.

पाणी थोडं थोडं आणि वारंवार. पंधरा दिवसांचा खाडा पडला तर मातीतलं पाणी कमी होतं, तेच मीठ त्यात दाटतं. गवत जम धरल्यावर पाळीत थोडं जास्त पाणी सोडा: पाण्याची ईसी २ असेल आणि मुळांशी ४ राखायची असेल तर अकरा-बारा टक्के जादा पुरे. निचरा नसेल तर हे जादा पाणीच शत्रू.

## टप्पा १०: कापणी आणि पुढचा निर्णय

पहिली कापणी घाईने करू नका. चांगल्या रानात जे गवत ६० दिवसांत येतं त्याला इथे ७५-८० लागू शकतात. फुटवे मोजा, बुंधा जाड होऊ द्या, जमिनीपासून चार-पाच इंच ठेवून कापा. पुढच्या कापण्या ४५-६० दिवसांनी. जास्त जून झालं तर काड कडक होतं आणि गॅस कमी निघतो.

गॅस प्रकल्पाशी बोलताना दर हिरव्या टनाचा की सुक्या अंशाचा, हे लेखी घ्या. क्षारपड रानातल्या गवतात राख जास्त भरते. टाकीत ते सहसा चालून जातं, पण तेच गवत वाळवून ब्रिकेटसाठी विकायचं असेल तर क्लोराइड आणि पोटॅशमुळे भट्टीत खंगर (वितळून घट्ट झालेली राख) धरतो, ते घेणाऱ्याला आधीच सांगा.

आणि स्लरी. प्रकल्पातून परत येणारी स्लरी, म्हणजे गॅस काढून उरलेला पातळ चोथा, चांगलं खत आहे, पण तिच्याबरोबर गवतातले सगळे क्षारही परत येतात. दर खेपेला ईसी मोजा. जास्त असेल तर ती चांगल्या रानात टाका, पांढऱ्या पट्ट्यात नको.

दुसऱ्या कापणीनंतर वजन भागाभागाने वेगळं लिहा: चांगला भाग, कड, पट्टा. पट्ट्याचं वजन चांगल्या भागाच्या निम्म्याच्या आत असेल तर तिथे मजुरीही निघत नाही. मे महिन्यात नकाशावरच्या त्याच खुणांवर परत गिरमिट चालवा. ईसी उतरली असेल तर कडेपासून पट्ट्याकडे दोन-दोन ओळी पुढे सरका. चढली असेल तर नवीन लागण थांबवा आणि निचऱ्याचं तोंड उघडून बघा. बऱ्याचदा तिथे गाळ बसलेला असतो, नाहीतर कुणीतरी पाला टाकून ते बुजवलेलं असतं.